एकच जांभूळ

बी जिभेवर आली आणि बद्रीनाथ चालता चालता थांबला. जांभळाची बी म्हटली की जीभ जे काही लांबट, खरबरीत गृहीत धरून चालते, ते हे नव्हतं. हे लहान होतं, जवळजवळ गोल. त्याने ती तळहातावर थुंकली आणि जुन्या जालन्याच्या त्या भुसार गल्लीत, ज्वारीच्या थप्प्यांच्या मधोमध, तो तिच्याकडे बघत उभा राहिला. मागून पोतं घेऊन येणारा हमाल ओरडला, "मास्तर, सरका की बाजूला, पाठ मोडून राह्यली माझी!" बद्रीनाथ सरकला, पण कोणीतरी हात धरून बाजूला केल्यासारखा. हातातल्या पळसाच्या द्रोणात वरवर नेहमीची टपोरी जांभळं होती. त्याने बोटाने ती बाजूला सारली. खाली, लपवल्यासारखी, काही बुटकी फळं पडली होती, करवंदाएवढी, करवंदासारखीच गोल. तीन वर्षं तो जे फळ शोधत होता, ते त्याने गल्लीच्या या टोकापर्यंत येईस्तोवर निम्म्याहून अधिक खाऊन टाकलं होतं.

शाळेत तो शास्त्र शिकवायचा. त्याच शाळेत, पूर्वी, फकरोद्दीनसाहेबांनी त्याला शास्त्र शिकवलं होतं. आता दोघे एकाच खोलीत शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसत आणि साहेब त्याला अजून परीक्षेला बसवल्यासारखे प्रश्न विचारत. झाडांची सगळी विद्या बद्रीनाथला उर्दूतून मिळाली होती. पानाच्या शिरेला त्याच्या मनात पहिला शब्द यायचा तो 'रग', मग शीर. आणि तीन वर्षांपासून त्या दोघांच्यात एक भांडण चाललं होतं, गोड, न संपणारं, चहाच्या कपाबरोबर रोज नव्याने उकळणारं. ओढ्याकाठी एक जांभूळ येतं. त्याचं पान वाळुंजाच्या पानासारखं अरुंद आणि लांब. गुराखी त्याला पाणजांभूळ म्हणतात. साहेब म्हणत, "पानी का असर है, बद्रीनाथ. पाय सदा पाण्यात, म्हणून पान बारीक. जात एकच." बद्रीनाथ म्हणे, जात वेगळी. पान चुरगाळलं की वासात फरक आहे, फांदीच्या ठेवणीत आहे. साहेब हसत, तांबडी रुमी टोपी काढून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "फळ आणा. फळाशिवाय गवाही पुरी न्हाई." फळ कधी हाती लागलं नाही. ते पिकायच्या आत पाखरं, वटवाघळं, गुराखी सगळं संपवत.

आता साहेबांना ते द्यायचं, एवढाच विचार खरं तर त्याच्या मनात यायला हवा होता. पण त्याच्या आधी दुसरंच आलं. ते झाड कुठं आहे हे विचारायला हवं, आणि ते विचारलं की तिथं जावं लागेल. ते अठ्ठेचाळीस साल होतं, मृग नुसता लागला होता. गावाबाहेर कोणी विनाकारण जात नव्हतं. मैदानावर रझाकारांची कवायत चालायची आणि तिच्या शिट्ट्या वर्गात ऐकू यायच्या. शिट्टी वाजली की मुलं फळ्याकडे बघायची थांबून त्याच्या तोंडाकडे बघायची. ऐपतदार घरं मनमाडच्या गाडीने संस्थानाच्या हद्दीपलीकडे, हिंदुस्थानात गेली होती. उरलेले कमी बोलत आणि ओट्यावर बसत नसत. पलीकडच्या मुलखातल्या छावण्यांना निरोप पोचवतो, असा नुसता वहीम आला तरी माणसं उचलली जात होती, आणि सगळी परत येत नव्हती.

बद्रीनाथ भित्रा होता. हे त्याला स्वतःला ठाऊक होतं, जसं एखाद्याला आपला एक पाय आखूड आहे हे ठाऊक असतं. गावाकडे वडिलांच्या, कारभारींच्या, खाकरण्यालाही तो लहानपणी भ्यायचा. जमीनजुमल्याचा, आवाजाचा, मिशीचा माणूस तो. दारात आला की घर आक्रसायचं. मग बद्रीनाथ मागच्या मळ्यात जाऊन बसायचा. तिथं पानं होती. एकाच्या कडेला दाते, दुसऱ्याच्या नाहीत. हे पिंपळ, हे पिपरी. नीट बघितलं की कळतं आणि कळलं की ते बदलत नाही. उद्या सकाळी येऊन ते तुमच्यावर ओरडत नाही. मोठेपणी जगात एवढी एकच जागा राहिली जिथं त्याला भीती वाटत नसे. तिथं तो 'हे हे आहे आणि ते ते आहे' असं छातीवर हात ठेवून म्हणू शके. तीन वर्षं साहेबांशी वाद घालताना आपला आवाज चढतो याचं त्याला मनातून सुख वाटायचं. दुसऱ्या कुठल्याच गोष्टीसाठी त्याचा आवाज चढला नव्हता.

जांभळं विकणारी लालबी वेशीच्या भिंतीला टेकून बसलेली असे. तो परत गेला तेव्हा ती टोपली आवरत होती.

"लालबी, ही बारकी कुठून आणली?"

ती आधी घाबरली. तक्रार आहे असं तिला वाटलं. मग बोळकं उघडून हसली. "वढ्यावरची हायेत मास्तर, तळ्याच्या वरच्या अंगाला. गोड न्हाईत म्हणून खाली घालते अन् वर मोठी मांडते. पोट हाय न्हवं मला बी. कायकू? पैसे वापस होना?"

"न्हाई न्हाई. झाड दाखवशील?"

"उद्या जाऊन राह्यले. आखरी तोडा हाय. मंग खलास. पाखरानं काय ठिवलंय!"

त्या दिवशी घरी त्याने ती फळं पुष्पाबाईला दाखवली नाहीत. तीही काही विचारत नसे. पण हल्ली तो बाहेर निघाला की ती दाराची कडी हातात धरून उभी राहायची, कडी तिला सोडवत नसल्यासारखी. त्यांना मूलबाळ नव्हतं. "तुम्ही आपलं शाळा अन् घर, एवढंच करा," ती म्हणायची. "मला एवढ्या मोठ्या घरात एकटी ठिवू नका." सकाळी त्याने शाळेत काम आहे असं सांगितलं. पत्र्याचा डबा, चाकू आणि पानं दाबायचे जुने कागद पिशवीत घातले. साहेबांनाही त्याने काही सांगितलं नाही. एकदम जाऊन फळासकट फांदी त्यांच्या टेबलावर ठेवावी, टोपीच्या शेजारी, असं त्याच्या मनात होतं. निघताना पुष्पाबाई कडीपाशी उभी होती आणि तिच्याकडे न बघता तो चालू लागला.

लालबी पुढं, तो मागे. तळं ओलांडलं, ओढा लागला आणि वळणावर ते झाड दिसलं. दोन्ही झाडं दिसली. वर, कोरड्या काठावर, थोरलं जांभूळ, रुंद पानांचं, गर्द. आणि खाली, मुळ्या पाण्यात सोडून, वाकून, ते दुसरं. दोघांची मुळं एकाच ओलीत गेलेली, आणि तरीही खालचं झाड आपल्या मताने अरुंद होतं, बारीक होतं, वेगळं होतं. पाण्याने बदललं असतं तर वरच्याची पाण्याकडची फांदी तरी अशी व्हायला हवी होती. ती झाली नव्हती. जुन्या, निष्पर्ण काटकीवर छोट्या छोट्या फळांचे झुबके लागले होते. बद्रीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने एक फांदी कापली, पान चुरगाळून हुंगलं, आणि थोडा वेळ, फारच थोडा, त्याला कशाचीही भीती वाटली नाही.

"क्या कर रहे हो?"

आवाज मोठा नव्हता. तो वळला तेव्हा काठावर चौघे-पाचजण उभे होते. खाकी कपडे, एकाजवळ बंदूक, बाकीच्यांजवळ तलवारी आणि काठ्या. बोलणारा उंच, सडपातळ होता, आणि त्याचा चेहरा एखाद्या कारकुनाचा असावा तसा शांत होता. तो शांतपणा पाहून बद्रीनाथ एक पाऊल मागे सरला.

"झाड बघून राह्यलो."

"दरख़्त गावात न्हाईत?"

"हे वेगळं आहे. जांभळाच्या दोन जाती आहेत. मी शिकवतो शाळेत. मी..." आपला आवाज दुसऱ्याच कोणाच्या तरी तोंडातून येतो आहे असं त्याला वाटलं. नेमकं त्याच वेळी लालबी टोपली टाकून पुढे आली आणि हात जोडून एका दमात बोलू लागली, "साब, मास्तर की बीवी कू शक्कर की बीमारी है. जांभळाच्या बिया होना दवा कू. मैं लाई इनकू. गरीब आदमी है साब."

ती त्याला वाचवू बघत होती. ते त्याला कळलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं की आता ओढ्यावर दोन गोष्टी उभ्या आहेत आणि त्या एकमेकींत बसत नाहीत. उंच माणसालाही ते कळलं. त्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "ये बोलता, दोन जाती बघाया आलो. ती बोलती, दवा. कोणतरी एक झूट बोलून राह्यलंय." पिशवी उलटी केली गेली. डबा, चाकू, कोरे कागद. "कागद कशाला? नक्शा काढाया? कोणत्या कॅंपाला द्यायचा होता?"

"पानं दाबायला. खरंच पानं..."

"बराबर. मंग पानंच ओळख." त्याने एकाला खूण केली. त्या माणसाने वरच्या झाडाची पानं ओरबाडली, खालच्याची ओरबाडली, इकडून तिकडून आणखी काही तोडली आणि मुठीत मिसळून खडकावर पसरली. "एकेक उचल अन् बोल. कोणतं कोणाचं."

बद्रीनाथ उकिडवा बसला. पहिलं पान उचललं. रुंद, जाड, कडेने धावणारी शीर. थोरलं. दुसरं अरुंद. पाणजांभूळ. बोटांना माहीत होतं. बोटं अजून भ्यायली नव्हती. ती एकामागून एक पानं बाजूला ठेवत गेली आणि त्याच्या छातीत काहीतरी सैल होऊ लागलं. मग एक पान हातात आलं आणि बोटं थांबली. ते अरुंद होतं, पण पुरेसं अरुंद नव्हतं. टोक लांब होतं, पण तेवढं नाही. थोरल्या जांभळाचा बुंधा तोडला की त्याला जे कोवळे धुमारे फुटतात त्यांची पानंही अशी चिंचोळी असतात, हे त्याला आठवलं. साहेबांनीच एकदा तो मुद्दा त्याच्या अंगावर फेकला होता. त्याने पान उजेडाला धरलं. हुंगलं. घामाच्या, भीतीच्या, स्वतःच्या वासापलीकडे त्याला काही आलं नाही. खडकाभोवतीचे बूट जवळ सरकले. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की या माणसांना काहीच माहीत नाही. तो काहीही बोलला तरी त्यांना ते खरंच वाटेल. फक्त बोलायचं होतं, ठासून बोलायचं होतं, जसं तो साहेबांशी बोलायचा. त्याने तोंड उघडलं. जीभ उचलली नाही. खोटं बोलायचं धैर्य नव्हतं की खरं सोडवत नव्हतं, हे त्याला नंतरही कधी ठरवता आलं नाही.

"सांगता येत न्हाई," तो म्हणाला.

उंच माणूस हसला, जवळजवळ दयेने. "सांगता येत न्हाई, तर फरक काय हाय? यानी दोन जात झूट." मग त्याने बंदुकीचा दस्ता लालबीच्या खांद्याला नुसता टेकवला. "यानी ही सच्ची? का ही बी झूट?"

लालबी जमिनीकडे बघत होती. तिच्या पायाजवळची माती ओली होत होती.

"ती खरं बोलती," बद्रीनाथ म्हणाला. "बायकोला साखरेचा आजार आहे. बियांसाठी आल्तो."

"अन् दोन जाती?"

"न्हाई."

"न्हाई काय? नीट बोल."

"एकच जांभूळ आहे."

"जोर से."

"एकच जांभूळ आहे!" ओढ्याच्या काठांनी ते परत पाठवलं. त्याचा आवाज चढला होता, अगदी तसाच जसा साहेबांसमोर चढायचा.

त्यांनी फांदी पाण्यात फेकली आणि डबा ठेवून घेतला. लालबीची टोपली मधोमध ठेवून ते जांभळं खाऊ लागले, हसले, एकमेकांना जांभळ्या जिभा दाखवू लागले, आणि त्या वेळी ते कोणत्याही जत्रेतल्या कोणत्याही तरण्या पोरांसारखे दिसले. मोठी संपल्यावर त्यांनी बारकीही खाल्ली, तोंडं वाकडी केली, बिया थुंकल्या. बद्रीनाथच्या पायापाशी त्या पडल्या, ओल्या, लहान, गोल. वाकून एक उचलली असती तर पुरलं असतं. तो वाकला नाही. "जाव," उंच माणूस म्हणाला. "बीवी कू दवा दे."

परतताना तळ्याच्या बांधावर लालबी एकदम खाली बसली. तिला चालवेना. बद्रीनाथ उभा राहिला. तिला उठवावं, की पाणी द्यावं, की नुसतं शेजारी बसावं, त्याला कळेना. तिने पदराने तोंड पुसलं. "तुमकू क्या लगा मास्तर, वो मेरे कोण लागतात?" ती म्हणाली. "मेरेकू बी डर लगता ना." मग ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही व्हा फुडं. माझ्यासंगं दिसू नका."

तो पुढं झाला.

त्यानंतर घरातली भीती निराळी झाली. आधी ती बाहेर असायची, शिट्टीत, बुटांत, मैदानात. आता ती त्याच्या आत बसून बाहेर बघू लागली. पुष्पाबाईला त्याने थोडंसं सांगितलं. तिने ऐकलं, उठली, दाराला आतून आडणा घातला आणि परत येऊन शेजारी बसली. दिवसाढवळ्या आडणा घातलेलं घर विहिरीसारखं झालं. शाळा सुटून येताना रस्त्यावर समोरून येणाऱ्या माणसाच्या आधी त्याला डोकं दिसायचं. डोक्यावर काय आहे, टोपी, पागोटं, कोणती टोपी, मग हनुवटी, मग पायजमा का धोतर. हे पूर्वी तो बघत नव्हता असं नाही, पण पूर्वी त्याच्या आधी माणूस दिसायचा. वाटेतल्या झाडांकडे त्याची नजर गेली तर ती घसरून जायची. एकदा वर्गात पिंपळाचं पान हातात घेऊन तो कितीतरी वेळ गप्प उभा राहिला. मुलांना वाटलं, मास्तर विसरले. तो विसरला नव्हता. हे पिंपळाचं आहे असं मोठ्याने म्हटलं की कोणीतरी मागून 'जोर से' म्हणेल, असं त्याला वाटत होतं. लालबीची भिंतीपाशी जागा रिकामी होती. शहागडला भावाकडे गेली, असं शेजारच्या भाजीवाल्याने सांगितलं.

आणि मग एका दुपारी फकरोद्दीनसाहेब घरी आले. पूर्वी ते नेहमी यायचे, पुष्पाबाई त्यांना गुळाचा चहा द्यायची. आडणा काढायला वेळ लागला याचं त्यांना नवल वाटलं असावं. बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि लहान मुलासारखे हसले. "बद्रीनाथ, मी हरलो. चैतातली फुलं वाळवून ठेवली होती दोन्हीची. काल भिंग घेऊन बसलो. तुमचं बराबर आहे. दोन जाती हैं. पूरी गवाही न्हाई, पण माझा दिल मान गया. कधी जायचं तळ्याकडं? आता फळ नसेल, पण झाड तर..."

तळ्याकडं. तळ्याच्या वर झाड आहे हे यांना कोणी सांगितलं? बद्रीनाथने मांडीवरच्या टोपीकडे बघितलं. तिचा तांबडा रंग, तिचा काळा गोंडा. इतकी वर्षं ती त्याच्या टेबलावर असायची. कोण पाठवतं आहे यांना? आपण ओढ्यावर जे म्हणालो त्याची खातरी करून घ्यायला? आपण काय विचार करतो आहोत हे त्याला दिसत होतं, स्वच्छ, एखाद्या पानाची शीर दिसावी तसं; पण दिसलं म्हणून ते थांबत नव्हतं.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "एकच आहे."

"काय?"

"एकच जांभूळ आहे. पाण्याचा असर आहे. तुमचंच बराबर होतं."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, दाराच्या आडण्याकडे बघितलं, मग पुन्हा त्याच्याकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. पुष्पाबाईने दिलेला चहा त्यांनी पुरा प्यायला, चहाला नाव ठेवलं असं कोणी म्हणू नये इतका पुरा. "अच्छा," ते म्हणाले, आणि टोपी घालून गेले. शाळेत पुढे ते खुर्ची खिडकीशी ओढून बसू लागले.

सप्टेंबरात विमानांचा आवाज आला आणि मग हिंदुस्थानची फौज गावात शिरली. मैदान एका सकाळीत रिकामं झालं. लोक ओट्यांवर आले, गुलाल उधळला, एकमेकांना मिठ्या मारल्या. बद्रीनाथलाही कोणी मिठी मारली आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलं. त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण ज्या रस्त्यावर काल एका तऱ्हेची डोकी खाली होती तिथं आज दुसऱ्या तऱ्हेची खाली होती, आणि खेड्यांकडून धूर दिसत होता, आणि येणारी माणसं जे सांगत होती ते सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. ती चमक त्याने ओढ्यावर पाहिलेली होती.

भर दुपारी दार वाजलं. हलकेच, बोटाच्या पेरांनी. "बद्रीनाथ. मी हाय." तो आडण्याशी गेला. हात आडण्यावर ठेवला. लाकूड गार होतं. बाहेर साहेबांचा श्वास ऐकू येत होता, धावत आलेल्या म्हाताऱ्या माणसाचा. साहेब एकटे होते; बायको कधीच वारली होती, बहीण सरदारबी उन्हाळ्यातच हैदराबादला गेली होती. हे सगळं बद्रीनाथला आठवत होतं आणि हात हलत नव्हता. आता उघडू, असं तो म्हणत होता, आता, आणि तो 'आता' संपत नव्हता. मग त्याला बाजूला ढकलण्यात आलं. पुष्पाबाई होती, हात पिठाने भरलेले. तिने आडणा काढून भिंतीला टेकवला. "आत या साहेब," ती म्हणाली, आणि त्यांना माजघरातून मागच्या कोठीत नेलं. जाताना त्यांच्या काळ्या शेरवानीवर तिच्या पिठाची बोटं उमटली.

थोड्या वेळाने गल्लीतला भुजंग आला, मागे आणखी काहीजण, हातात भाले. भुजंग चांगला माणूस होता. पुष्पाबाई आजारी असताना त्यानेच वैद्य आणला होता. "मास्तर, तो फकरोद्दीन इकडं आला का?"

"न्हाई."

"इकडंच पळालाय म्हणून राह्यले. घाबरू नका मास्तर, आता आपलं राज हाय. तुम्हाला वढ्यावर त्यानंच धरून दिल्तं न्हवं का?"

"कोण म्हणतं?"

"समदेच म्हणत्यात."

साहेबांवरच्या संशयाची ती गोष्ट बद्रीनाथने कुणालाच सांगितली नव्हती, नुसती मनात धरली होती. आणि आता ती भुजंगच्या तोंडातून, हातात भाला घेऊन, त्याच्याच दारात उभी होती. मी वढ्यावर जाणार हे साहेबांना ठाऊकच नव्हतं. हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. एवढं साधं होतं ते. तळं आणि ओढे तर ते दोघे तीन वर्षं बरोबर हिंडले होते.

"त्यांनी न्हाई धरून दिलं," तो म्हणाला. शब्द एकामागून एक बाहेर येत होते. "मी त्यांना सांगितलंच नव्हतं. अन् मला सोडवलं ते लालबीनं. जांभळंवाल्या लालबीनं. हे बी सांग समद्यांना. आणि इथं कोणी आलेलं न्हाई. आत माझी बायको हाय, ती सैपाक करून राह्यली. बघायचं तर बघ."

भुजंगने आत डोकावलं. पुष्पाबाई चुलीपाशी बसून भाकरी थापत होती आणि थापण्याचा ठेका जरासुद्धा चुकला नव्हता. "न्हाई न्हाई, मास्तर, तुमच्यावर इस्वास हाय," तो म्हणाला, आणि ते गेले.

साहेब कोठीत राहिले, कणग्यांच्या मागे. ते फार बोलत नसत. बद्रीनाथ जाऊन शेजारी बसे. माफी मागावी असं त्याला वाटे आणि कशाची, ते सांगायचं झालं तर सगळंच सांगावं लागे. मग तो नुसता बसे. एकदा साहेबच म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही दार उघडाया वेळ लावला, चहाच्या वेळी. तवाच मला कळायला होना होतं की तुम्ही डरून राह्यले. मला वाटलं, माझ्यावर नाराज हायेत." बद्रीनाथने मान खाली घातली. म्हाताऱ्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाहेर पाऊल वाजलं की दोघांचा श्वास एकदम थांबायचा आणि एकदम सुटायचा.

गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा साहेबांनी बहिणीकडे जायचं ठरवलं. पुष्पाबाईने परटाच्या धुण्यातलं धोतर काढून दिलं, बद्रीनाथचा सदरा, पागोटं. दाढी साहेबांनी स्वतः उतरवली. आरसा बद्रीनाथने धरला होता आणि त्याने आरशाकडे पाहिलं नाही. धोतर नेसायला त्याने शिकवलं. कासोटा घालताना साहेब एकदाच हसले, "पन्नास वर्षं तुम्हा लोकांना बघितलं, पण ही गाठ कशी मारता ते कधी बघितलं न्हाई." टोपी पुष्पाबाईने पिठाच्या डब्यात खाली ठेवली.

सकाळी दोघे स्टेशनावर गेले, थोडं अंतर ठेवून, ओळख नसल्यासारखे. फलाटावर माणूस मावत नव्हतं. गावोगावचे लोक, बाया, बोचकी, फौजेचे जवान. आणि सगळीकडे पागोटी, धोतरं, सदरे. बद्रीनाथने नजर साहेबांच्या पाठीवर रोवून ठेवली होती. त्यांना बोलायला लागू नये, एवढंच तो मनात घोकत होता. त्यांनी तोंड उघडलं की कळेल. एका जवानाने कोणाला तरी थांबवलं, नाव विचारलं. तो दुसराच होता. गाडी आली. लोट उसळला, बद्रीनाथ मागे रेटला गेला, एका खांबाला आदळला, आणि त्याने पुन्हा बघितलं तेव्हा ती पाठ नव्हती. तशा पुष्कळ पाठी होत्या. थोडी वाकलेली, पांढऱ्या सदऱ्यातली, म्हातारी. एक डब्याच्या दारात चढत होती, एक खिडकीशी, एक पाणी भरत नळाशी. त्याने चालीवरून, मानेच्या ठेवणीवरून, पागोट्याच्या पेचावरून ओळखायचा प्रयत्न केला. ज्याच्याशी तीन वर्षं रोज भांडला तो माणूस त्याला ओळखता येईना. तो हाक मारणार होता. तोंड उघडून त्याने मिटलं.

शेजारी उभ्या असलेल्या माणसाने विचारलं, "कोणाला सोडाया आल्ता?"

"मामाला," बद्रीनाथ म्हणाला.

"कोणते ते?"

गाडी हलली. खिडक्याखिडक्यांतून हात बाहेर आले, कितीतरी, सगळे सावळे, सगळे हलणारे. "ते," बद्रीनाथ म्हणाला, आणि हात उचलून सगळ्याच गाडीकडे दाखवला.